एकच गणित किती वेळा सोडवायचे? परस्परांशी संबंध नसलेल्या शाखांतील संशोधनाविषयी

पोथीशाळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी २६ वर्षे नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. इतक्या वर्षांत एक गोष्ट रोज पाहिली. वाचक येतो, आपल्या विषयाच्या कपाटापाशी जातो, हवे ते घेतो आणि निघून जातो. शेजारच्या कपाटात त्याच्याच प्रश्नाचे उत्तर ठेवलेले असले तरी ते त्याच्या नजरेस पडण्याचे काही कारण नसते. एकमेकींशी काहीही देणेघेणे नसलेल्या शाखांमधले संशोधन एकत्र कसे येते, आणि ते न आल्यामुळे किती वर्षे हातची जातात, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी असे मनापासून वाटते. माझ्या मनात घर करून बसलेले एक उदाहरण आधी मांडते.

१९५६ साली दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ नोकरी सोडून गेला. किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर पात्र भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख असलीच पाहिजे, असा तेथील कायदा होता. म्हणून केप टाऊन विद्यापीठात शिकवणारे ॲलन कॉर्मॅक यांना आठवड्यातून दीड दिवस रुग्णालयात बसण्याची विनंती करण्यात आली. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची किती मात्रा द्यायची याचे तक्ते तेथे त्यांनी पाहिले, आणि हाड, स्नायू, फुप्फुस यांतला फरक न धरता सगळे शरीर एकजिनसी मानून ते तक्ते केलेले आहेत, हे त्यांना खटकले. शरीराच्या आत किरण कोठे किती शोषले जातात हे बाहेरून घेतलेल्या मोजमापांवरून काढता येईल का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. हा प्रश्न शुद्ध गणिताचा आहे आणि तो कोणीतरी पूर्वीच सोडवलेला असणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी शोधले, विचारपूस केली, पण काही हाती लागले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच तो सोडवायला घेतला.

१९५७ मध्ये त्यांनी मध्ये ॲल्युमिनियम आणि भोवती लाकडाचे कडे असा एक गोल नमुना घेऊन त्यातून गॅमा किरण सोडले. आकडेमोड केली तेव्हा अगदी मध्यभागी शोषणाचा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा कमी येत होता. कार्यशाळेत चौकशी केल्यावर कळले की, ॲल्युमिनियमच्या त्या दांड्याच्या मधोमध वेगळ्या, किंचित कमी शोषण करणाऱ्या धातूची एक खुंटी बसवलेली होती, आणि कॉर्मॅक यांना तिची काहीच कल्पना नव्हती. न कापता, न उघडता, नुसत्या गणिताने आतली खुंटी सापडली होती! हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

१९६३ आणि १९६४ साली त्यांनी हे काम भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात छापले. प्रतिसाद जवळजवळ आला नाही. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, लेखाची प्रत मागणारे सर्वांत लक्षवेधी पत्र आले ते स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून. डोंगरावरच्या बर्फाचे थर तपासायला ही रीत चालेल का, हे त्यांना पाहायचे होते. डॉक्टरांपैकी मात्र फारसे कोणी फिरकले नाही.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे. ऑस्ट्रियाचे गणितज्ञ योहान रादोन यांनी हा प्रश्न १९१७ मध्येच सोडवून छापला होता. कॉर्मॅक यांना ते कळायला सुमारे १४ वर्षे लागली. १९१७ नंतरच्या काळात, १९३६ मध्ये आर्मेनियाचे खगोलशास्त्रज्ञ अंबार्त्सुम्यान यांनी ताऱ्यांच्या वेगांचा अभ्यास करताना, १९५६ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल यांनी, आणि १९६८ मध्ये केंब्रिजमध्ये विषाणूंची रचना शोधताना डीरोझियर आणि क्लुग यांनी याच घराण्यातले प्रश्न आपापल्या वाटेने सोडवले. इकडे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनीही कॉर्मॅक यांचे काम ठाऊक नसताना यंत्र बांधले, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन येथील रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक आणि हाऊन्सफिल्ड या दोघांना मिळून मिळाले.

संगणक नव्हते तोवर यंत्र होणे शक्य नव्हते, हे मला मान्य आहे. पण साधने आल्यावरही प्रत्येकाला पहिल्यापासून वाट काढावी लागली, ती केवळ आधीचे काम वेगळ्या कपाटात होते म्हणून. आपापल्या क्षेत्रात असे काही पाहिले असेल तर कृपया लिहावे.

अंधारखोली

ताई, धागा फार मोलाचा आहे. मी क्ष-किरण विभागात काम करतो, त्यामुळे थोडी भर घालतो. हाऊन्सफिल्ड वैद्यकशास्त्रातून आले नव्हते, हेही येथे नोंदवायला हवे. त्यापूर्वी ते संगणकाच्या बांधणीवर आणि यंत्राला आकृती ओळखायला शिकवण्यावर काम करत होते. त्यांनी प्रश्न मांडला तो गणितज्ञासारखा नव्हता. एका छेदाचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचा शोषणांक अज्ञात धरायचा आणि निरनिराळ्या दिशांनी गेलेल्या किरणांच्या मोजमापांवरून ते सगळे अज्ञात काढायचे, असा त्यांचा विचार होता. पहिल्या यंत्राचे चित्र ८० × ८० चौकोनांचे होते. आज आमच्याकडे नेहमीचे चित्र ५१२ × ५१२ चे असते. शोषण किती हे आम्ही दिवसभर ज्या एककात बोलतो त्याला त्यांचेच नाव आहे: पाणी शून्य आणि हवा उणे १०००. पाण्याला शून्य धरल्यामुळे पुढचे सगळे अहवाल वाचणे सोपे झाले, आणि ही सोय एका अभियंत्याने करून दिली.

नांगरट

मी कृषी विद्यापीठात पीक-पैदास या विषयात आहे. आपल्या मातीतले एक उदाहरण या धाग्यात आलेच पाहिजे असे वाटते, ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

मराठी वाचकाला कोसंबी ठाऊक असतात ते इतिहासकार म्हणून, फार तर भर्तृहरीच्या संपादित पाठामुळे. माझ्या प्रयोगशाळेत मात्र त्यांचे नाव रोज उच्चारले जाते, आणि ते वेगळ्याच कारणाने. एका गुणसूत्रावरच्या दोन खुणा संततीत किती वेळा वेगळ्या होतात हे मोजून आम्ही त्यांच्यातले अंतर काढतो. अडचण अशी की मोजलेले प्रमाण आणि खरे अंतर सारखे नसते, कारण जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोन खुणांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती दिसतच नाही. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी एक सूत्र दिले, पण त्यात एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अटकाव करते ही गोष्ट धरलेली नव्हती. ती धरणारे सूत्र कोसंबींनी १९४४ मध्ये दिले. त्या वेळी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. जनुकशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता.

आकड्यांत सांगतो. समजा १०० रोपांपैकी २० रोपांत दोन खुणा वेगळ्या झालेल्या दिसल्या. हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचे अंतर मोजायचे एकक) येते. कोसंबींच्या सूत्राने २१.२ येते. ज्वारीच्या किंवा भाताच्या नकाशात एवढ्या फरकाने जनुकाची जागा सरकते. आज जनुकीय नकाशे करणाऱ्या संगणक प्रणालींमध्ये 'हॉल्डेन की कोसंबी' असा पर्याय निवडावा लागतो, आणि आमचे विद्यार्थी बहुतेक वेळा कोसंबी निवडतात. त्यांना विचारावे, हे कोसंबी कोण, तर अनेकांना ते कोणी परदेशी वाटतात. मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो की हा माणूस गोव्यात जन्मला, पुण्यात राहिला आणि पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करत असे.

त्यांच्या नाण्यांच्या अभ्यासाविषयी सांगितल्याशिवाय हा प्रतिसाद पुरा होणार नाही. आहत नाण्यांवर, म्हणजे ठसे मारून केलेल्या प्राचीन नाण्यांवर, राजाचे नाव नसते, साल नसते. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यातली नाणी कोसंबींनी काट्यावर एकेक करून तोलली. त्यामागचा विचार असा की, नाणे हातोहात फिरते तसे झिजते, आणि झीज ही फिरलेल्या काळाची नोंद असते. मागच्या बाजूला व्यवहारात उमटवलेल्या छोट्या खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी भरते का, हे त्यांनी पाहिले, आणि ते तसे भरले. मग नाण्यांचे गट मागेपुढे लावता आले. ही रीत खरी की नाही हे ठरवायला त्यांनी आपल्या काळातली, चलनात असलेली नाणीही मोठ्या संख्येने तोलली, कारण त्यांची साले छापलेली होती. ज्याचे उत्तर ठाऊक आहे त्यावर आधी रीत तपासायची आणि मग अज्ञाताकडे वळायचे, ही प्रयोगशाळेची शिस्त त्यांनी इतिहासात आणली. माझ्या मते दोन शाखा जोडण्याचा याहून स्वच्छ नमुना दुसरा नाही.

निदान

मी फिजिशियन आहे. वरचे सर्व वाचून आनंद झाला, तरीही एक सावधगिरीची गोष्ट मांडणे कर्तव्य समजतो.

शाखा ओलांडणाऱ्यांपैकी यशस्वी झालेलेच आपल्या लक्षात राहतात. लायनस पॉलिंग यांना १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते, आणि रासायनिक बंधांविषयी त्यांचा अधिकार निर्विवाद होता. १९७० पासून त्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा आग्रह धरला, प्रथम सर्दीसाठी आणि पुढे कर्करोगासाठी. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९७९ आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडावाटे दिलेल्या मोठ्या मात्रेचा फायदा त्यांत दिसला नाही. तरीही माझ्याकडे आजही रुग्ण 'नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने सांगितले आहे' असे म्हणत येतात.

आणि नांगरट सर, कोसंबींचीच दुसरी बाजूही येथे यायला हवी. १९५९ मध्ये त्यांनी कृषी सांख्यिकीच्या एका भारतीय नियतकालिकात रीमान गृहीतकाची, म्हणजे शुद्ध गणितातल्या एका प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नाची, सिद्धता दिल्याचा दावा केला. ती सिद्धता टिकली नाही. संख्याशास्त्राची जी हातोटी नाण्यांवर आणि जनुकांवर चालली ती तेथे चालली नाही. शिवाय लेख अशा जागी छापला गेला की त्या प्रश्नाच्या जाणकारांनी छपाईपूर्वी तो तपासण्याची शक्यता कमी होती. दुसऱ्याच्या अंगणात शिरताना त्या घरच्या माणसांना आपले काम दाखवून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

नांगरट

निदान सर, मुद्दा मान्य आहे. मी ती गोष्ट टाळायला नको होती. जनुकांच्या सूत्राचा लेख मात्र त्यांनी जनुकशास्त्र वाचणाऱ्यांच्याच नियतकालिकात दिला होता, आणि तो तपासला गेला, वापरला गेला, म्हणून टिकला. म्हणजे तुमच्या म्हणण्याला त्यांच्याच आयुष्यातून दोन्ही बाजूंचा पुरावा मिळतो.

पोथीशाळा (धागाकर्ती)

निदान सर, आपली हरकत योग्य आहे, आणि तिच्यामुळेच मला ज्यांच्याविषयी लिहायचे होते ते डॉन स्वॉन्सन आठवले. ते मूळचे भौतिकशास्त्राचे, पण शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक होते. आम्हा ग्रंथपालांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी आहे, ती का ते सांगते.

थंडीत बोटे पांढरीनिळी पडतात, रक्तपुरवठा आखडतो, त्या आजाराला रेनो यांचे नाव आहे. या आजारावरच्या लेखांत स्वॉन्सन यांनी वाचले की, अशा रुग्णांत रक्ताचा दाटपणा वाढलेला असतो, बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना लवकर चिकटतात आणि रक्तवाहिन्या आकसतात. दुसरीकडे माशाच्या तेलावरचे लेख होते. त्यांत लिहिले होते की या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, बिंबिका कमी चिकटतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात. दोन्ही गठ्ठे छापलेले, कोणालाही वाचायला मोकळे. पण एका गठ्ठ्यातला लेख दुसऱ्या गठ्ठ्याचा उल्लेख करत नव्हता. १९८६ मध्ये त्यांनी हे दोन गठ्ठे शेजारी ठेवले आणि लिहिले की, माशाच्या तेलाचा या रुग्णांना उपयोग होतो का हे तपासून पाहावे. अशा ज्ञानाला त्यांनी नाव दिले त्याचा अर्थ असा की, ते सार्वजनिक आहे, पण अजून सापडलेले नाही.

येथे 'तपासून पाहावे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'हे घ्या, बरे वाटेल' असे त्यांनी म्हटले नाही. १९८९ मध्ये एक छोटी नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना दुसरा कोणताही आजार नसताना ही तक्रार होती, त्यांना तेलामुळे थंडी अधिक वेळ सोसता आली. ज्यांची तक्रार दुसऱ्या आजारामुळे उद्भवली होती, त्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणजे जोड निघाली, आणि तिची हद्दही कळली. १९८८ मध्ये त्यांनी याच रीतीने अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यातले ११ दुर्लक्षित दुवे दाखवले, आणि त्यावरही पुढे रुग्णांवर चाचण्या झाल्या. पॉलिंग आणि स्वॉन्सन यांच्यातला फरक मला असा दिसतो: एकाने निष्कर्ष सांगितला, दुसऱ्याने प्रश्न नेमका करून ज्याचा त्याच्या हाती दिला.

पेट्रीबशी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. लघवीच्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ताई, माझी अडचण वेगळी आहे. प्रस्तावात मी दुसऱ्या शाखेचा एक भाग घातला होता, पण समितीने तो 'विषयाबाहेरचा' म्हणून काढायला लावला. कारण विचारले तर तपासणारे कोणी नाही, असे सांगितले. मला ते पटले नाही आणि वाईटही वाटले. पण प्रबंधाबाहेर निदान वाचायचे तरी कसे, सुरुवात कोठून करायची, हे कृपया सांगाल का?

पोथीशाळा (धागाकर्ती)

पेट्रीबशी, वाचायला समितीची परवानगी लागत नाही, म्हणून सुरुवात आजच कर. प्रथम आपल्या विषयाचे नाव बाजूला ठेवायचे आणि आत काय घडते ते साध्या मराठीत एका वाक्यात लिहायचे. तुझ्या बाबतीत ते असे होईल: ओल्या पृष्ठभागावर जंतू चिकटतात, थर धरतात आणि मग धुतले तरी निघत नाहीत. आता स्वतःला विचार, ओल्या पृष्ठभागावरच्या थराने आणखी कोणाची झोप उडवली आहे? पाणीपुरवठ्याच्या नळाचे अभियंते, जहाजबांधणी करणारे, दंतवैद्य, दुधाच्या डेअरीतले तंत्रज्ञ. हे सगळे तोच थर पाहतात, पण त्याला वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात. तुम्ही बायोफिल्म म्हणता. जहाजवाले बायोफाउलिंग म्हणतात. दंतवैद्याच्या लेखी तो दातांवरचा प्लाक असतो. तुझाच शब्द घालून शोधशील तर तुझ्याच कपाटातले लेख पुन्हा सापडतील. म्हणून आधी त्या शाखेचे एखादे पाठ्यपुस्तक उघडून त्यांचा शब्द शिकून घे. एक चांगला लेख सापडला की त्याने कोणाचा आधार घेतला ते मागे जाऊन बघ, आणि नंतर त्याचा आधार कोणी घेतला ते पुढे येऊन बघ.

या थराच्या अभ्यासाचा इतिहासही तुझ्या कामी येईल. कॅनडात काम करणारे कॉस्टरटन यांनी डोंगरी ओढ्यांतल्या दगडांवरचा बुळबुळीत थर पाहिला, आणि १९७८ मध्ये जंतू पृष्ठभागाला कसे चिकटतात यावर लिहिले. तोच विचार पुढे फुप्फुसांच्या जुनाट संसर्गापर्यंत आणि शरीरात बसवलेल्या नळ्यांपर्यंत पोहोचला.

नांगरट

ताईंच्या शब्दांच्या मुद्द्याला एक अनुभव जोडतो. आम्ही तांदळाचे दाणे काचेवर पसरून फोटो काढतो आणि इमेजजे या मोफत प्रणालीने मोजतो. चिकटलेले दाणे वेगळे कसे करायचे, यात आमचे दोन महिने गेले. माझी भाची नेत्रचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या संगणकावर तीच प्रणाली उघडी होती आणि ती बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या पेशी हाताने, एकेक टिचकी मारत मोजत होती. पेशी एकमेकींना चिकटलेल्या असल्याने प्रणाली चुकते, अशी तिची तक्रार होती. आम्ही दोघे जेवण विसरून रात्री दीडपर्यंत बसलो. दाण्यांची रीत जशीच्या तशी चालली नाही, कारण पेशींच्या कडा पुसट होत्या; पण कडा ठळक करायची एक पायरी आधी घातल्यावर बरेचसे काम झाले. एका घरातली दोन माणसे, एकच साधन, आणि दोन वर्षे एकमेकांना पत्ता नाही.

अंधारखोली

नांगरट सर, त्या पुसट कडांसाठी आमच्या विभागात जुन्या रीती आहेत. भाचीला माझा निरोप द्यावा. मी व्यक्तिगत निरोपातून लिहितो.

पेट्रीबशी

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार दिवस वाचले. 'बायोफाउलिंग' हा शब्द घातला आणि एकदम वेगळेच जग उघडले. अमेरिकी नौदलाला जहाजाच्या बुडाला चिकटणाऱ्या शेवाळाचा त्रास होता. त्यावर काम करणारे फ्लोरिडा विद्यापीठातले अँथनी ब्रेनन यांनी पाहिले की शार्क माशाच्या कातडीवर शेवाळ फारसे धरत नाही, आणि कातडीवरच्या बारीक खवल्यांची ठेवण त्यांनी प्लास्टिकवर उतरवली. विष नाही, औषध नाही, केवळ पृष्ठभागाची नक्षी. पुढे तीच नक्षी जंतूंवर तपासली गेली, आणि लघवीच्या नळीसाठीही तिचा विचार झाला आहे! माझ्या विषयाच्या पाठ्यपुस्तकात मी नळीवर चांदीचा लेप आणि प्रतिजैविकांचा लेप एवढेच वाचले होते.

निदान

पेट्रीबशी, वाचन उत्तम झाले आहे. आता दोन गोष्टी पाहा. ते प्रयोग स्थिर द्रवात झाले की वाहत्या द्रवात, हे प्रत्येक लेखात शोधून लिहून ठेवा, कारण नळीत लघवी वाहते आणि काही जंतूंमुळे तिच्यातले क्षार पृष्ठभागावर साचतात. नक्षी क्षारांनी बुजली तर तिचा उपयोग उरेल का, हा तुमच्या शाखेचा प्रश्न आहे आणि जहाजवाल्यांना तो पडण्याचे कारण नाही. दुसरे म्हणजे, प्रयोगशाळेतल्या तबकडीवरचे निष्कर्ष आणि रुग्णांवरचे निष्कर्ष वेगळ्या पानांवर लिहा. क्षार साचवणाऱ्या जंतूंचे नमुने आमच्या वॉर्डातून नियमितपणे प्रयोगशाळेत जातात. तुमच्या मार्गदर्शकांची आणि नैतिक समितीची परवानगी असेल तर त्यांविषयी बोलू.

पोथीशाळा (धागाकर्ती)

निदान सर, मनापासून आभार. पेट्रीबशी, पाण्याच्या नळांत क्षारांचे थर कसे बसतात यावर जलशुद्धीकरणाच्या अभियंत्यांनी भरपूर लिहिले आहे. तेथे त्याला स्केलिंग म्हणतात. सोमवारी मी जुन्या ग्रंथालयात जाणार आहे. आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीतून कोणते अंक मागवता येतील ते पाहून यादी येथेच टाकते.